तुयेचे पठार आणि दिलेला शब्द

गोव्यात पेडण्याहून पहाटे सुटणाऱ्या गाडीत मी अकरा वर्षे बसलो. म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, मग झुआरीचा पूल आणि शेवटी वेर्णा. शिफ्ट सातची, म्हणजे घर पावणेपाचला सोडायचे. पत्रादेवीच्या पलीकडून, बांद्याच्या बाजूने दुचाकी हाकत येऊन गाडी पकडणारी मुले बसल्या जागी झोपायची. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी सोल्डरिंगच्या टेबलावर सुरुवात केली आणि सोडताना तपासणी विभाग सांभाळत होतो.

त्या सगळ्या वर्षांत आमच्याच तालुक्यात, तुयेच्या पठारावर इलेक्ट्रॉनिक्स सिटी होणार, असे आम्ही ऐकत आलो. केंद्राच्या २०१२ च्या योजनेखालचा हा प्रकल्प, जबाबदारी राज्याच्या इन्फो टेक कॉर्पोरेशनची, जागा सुमारे सहा लाख चौरस मीटर. पुढे जवळच मोपाचा विमानतळ झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. जमीन आहे, रस्ता आहे, विमानतळ आहे. तरीही ज्या वेगाने हे पठार उद्योगांनी भरेल असे आम्हाला सांगितले होते, त्या वेगाने ते भरले नाही. यावर दर वेळी एकच उत्तर मिळते: सवलती वाढवू, एक खिडकी करू, परवाने झटपट देऊ.

मला हे उत्तर अपुरे वाटते. गोव्याने परदेशी कंपन्यांना आजवर मुख्यतः जमीन दाखवली. इलेक्ट्रॉनिक्समधली कंपनी जमीन बघतेच, पण तिचा निर्णय ठरतो तो कसबी हातांवर, न झुकणाऱ्या विजेवर आणि सरकारच्या टिकणाऱ्या शब्दावर. आमच्याकडे शब्द टिकला नाही, कारण ज्या गावाची जमीन त्या गावाला तो कधी दिलाच नव्हता.

देशाचे चित्र झपाट्याने बदलले, हे मान्य करायलाच हवे. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये भारतातले इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन सुमारे १.९ लाख कोटी रुपयांचे होते, ते २०२४-२५ मध्ये ११.३ लाख कोटींवर गेले. मोबाइल फोनची निर्यात त्याच काळात दीड हजार कोटींवरून दोन लाख कोटींवर पोचली. २०२० मधल्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेचा, म्हणजे पीएलआयचा, त्यात मोठा वाटा आहे. पण बाहेरून आलेले भाग जोडून फोन तयार करणे वेगळे आणि ते भाग इथे बनवणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी केंद्राने २०२५ मध्ये २२,९१९ कोटींची स्वतंत्र योजना आणली, यातच पहिल्या कामाची मर्यादा दिसते.

या शर्यतीत गोव्याने पैशाच्या जोरावर उतरू नये. गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटा समूह तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीच्या तंत्रज्ञानावर चिपचा कारखाना उभारतो आहे, त्याचा खर्च ९१ हजार कोटी. गोव्याचे २०२५-२६ चे अख्खे अंदाजपत्रक सुमारे २८ हजार कोटींचे होते. तसल्या कारखान्याला अतिशुद्ध पाणी अहोरात्र लागते, आणि आमच्या तालुक्यातले काही वाडे मे महिन्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असतात. चिपचा कारखाना गोव्यात आणू, असे कोणी म्हणाला तर त्याने आधी पाणी कुठून आणणार ते सांगावे.

मग आपल्याकडे काय होऊ शकते? ते कळायला लाइनवर काय घडते ते पाहिले पाहिजे. कोऱ्या बोर्डावर आधी स्टेन्सिलमधून सोल्डरची पेस्ट ओढतात. मग पिक अँड प्लेस मशीन रिळांवरचे भाग उचलून एकेक आपापल्या जागी ठेवते. आमच्याकडचा सगळ्यांत लहान भाग एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद होता, खसखशीच्या दाण्याएवढा. पुढे बोर्ड रिफ्लो ओव्हनमधून सरकतो, पेस्ट वितळते आणि जोड बसतो. बघणाऱ्याला वाटते की सगळे मशीनच करते. पण पेस्ट फ्रिजमधून किती वेळ आधी काढायची, पावसाळ्यात हवेतली ओल वाढली की पाकीट फोडलेला आयसी, म्हणजे चिप, किती तास बाहेर चालेल, लाइनवर घेण्याआधी तो किती वेळ शेकून घ्यायचा, हे माणसाला ठरवावे लागते. आमच्याकडे डिचोलीच्या एक ताई होत्या. भिंगाखाली बोर्ड नुसता तिरका धरून त्या ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न बसलेला जोड, ओळखायच्या. भाग एका टोकावर उभा राहिला, ज्याला आम्ही टूमस्टोन म्हणायचो, की पेस्ट कुठल्या पॅडवर कमी पडली हे मशीनजवळ न जाता सांगायच्या. बाहेरच्या देशातून पाहुणे इंजिनीयर आले की दहा मिनिटांनी ते ताईंच्या टेबलापाशी उभे असायचे. मालकांच्या केबिनमध्ये परवान्यांची फाइल उघडी असायची, तिच्याकडे ते नंतर वळायचे.

आणि वीज. एका श्रावणात भर दुपारी ती क्षणभरच झुकली. दिवे मिचकावले, ओव्हनचा पट्टा थांबला. जनरेटरने भार घेईपर्यंत आत अडकलेले बोर्ड गेले, आणि लाइन पुन्हा तापमानाला यायला पाऊण तास लागला. घरात असा झटका आला तर पंखा हळू होऊन पुन्हा फिरतो, आपण विसरूनही जातो. कारखान्यात त्या क्षणाचा हिशेब महिनाअखेरीस निघतो. विजेसाठी गोवा जवळजवळ पूर्णपणे बाहेरच्या जाळ्यावर अवलंबून आहे, त्यामुळे नवी वाहिनी हवी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. छत्तीसगडमधल्या तम्नारहून वीज आणणाऱ्या वाहिनीला मोलेच्या जंगलासाठी लोकांनी विरोध केला तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटले गेले. पण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये जुन्याच वाहिनीचा मार्ग वापरण्याची शिफारस केली. म्हणजे वीजही हवी आणि जंगलही हवे असे म्हणणाऱ्यांचे चुकले नव्हते. हा मार्ग आधीच शोधला असता तर वर्षे वाचली असती.

कसबी हात गावात राहिले तर काय होते, याचे उदाहरण तामिळनाडूत आहे. श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि कराच्या वादात अडकून २०१४ मध्ये बंद पडला. हजारो तरुण, त्यांत बहुसंख्य मुली, घरी बसल्या. पण लाइन चालवायला शिकलेली माणसे, वाहतूकदार, सुटे भाग पुरवणारे यांचे जाळे त्या पट्ट्यात उरले होते. पुढच्या काही वर्षांत आयफोन जोडणारी फॉक्सकॉन तिथेच वाढली, आणि नोकियाची रिकामी जागा फिनलंडच्या साल्कॉम्पने घ्यायचे ठरवले. कराबाबतचा बेभरवसा मात्र देशाला महागात गेला. व्होडाफोनच्या निमित्ताने २०१२ मध्ये आणलेला पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांनाही लागू होणारा, कर २०२१ मध्ये कायदा करून मागे घ्यावा लागला. मधल्या नऊ वर्षांत भारताच्या शब्दाबद्दल जगात काय बोलले गेले, ते भरून निघायला वेळ लागला.

गोव्याने मात्र तामिळनाडूपेक्षा पेनांगकडे पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटते. मलेशियातले हे राज्य गोव्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान. समुद्र, जुनी बंदरनगरी, पर्यटक, खाण्यापिण्याची ख्याती, सगळे ओळखीचे. १९६९ मध्ये जॉर्ज टाउन बंदराची करमुक्त सवलत गेली आणि बेकारी वाढली, जशी आमच्याकडे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोली-सत्तरीत ट्रक दारात उभे राहिले. तेव्हाचे मुख्यमंत्री लिम चोंग यू यांनी इलेक्ट्रॉनिक्सची कास धरली. १९७२ मध्ये इंटेलने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला जोडणी कारखाना तिथे काढला. पाठोपाठ पेनांगमधल्याच बायान लेपासला एएमडी, एचपी, हिताची, बॉश आल्या. हे पहिले पाऊल स्वस्त मजुरीवरच पडले होते, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण १९८९ मध्ये तिथे एक कौशल्य केंद्र निघाले, पेनांग स्किल्स डेव्हलपमेंट सेंटर. सरकारने जागा आणि आधार दिला, कंपन्या सभासद झाल्या आणि अभ्यासक्रम ठरवण्यात त्यांचा वाटा राहिला. एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या कामगार शिकवायला एका छताखाली आल्या. पन्नास वर्षांनी आजही कंपन्या पेनांगला येतात त्या मुख्यतः त्या माणसांसाठी. तिथेही समुद्रात भराव टाकून बेटे उभी करायच्या प्रकल्पाला मच्छीमारांनी विरोध केला. जमीन कमी असलेल्या जागी हा प्रश्न येणारच, गोव्यालाही तो चुकणार नाही.

आता शब्दाचे बोलतो. फोंड्याजवळ केरीचे भूतखांब पठार आहे. तिथे थापर-ड्युपॉन्टचा नायलॉन ६,६ प्रकल्प येणार होता, अमेरिकेतली मोठी कंपनी, मोठी गुंतवणूक. पाण्याचे आणि हवेचे काय होणार हे लोक विचारत राहिले आणि त्यांना पटेल असे उत्तर मिळाले नाही. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण गेला. प्रकल्प तामिळनाडूला गेला. बारा वर्षांच्या आत त्याच पठारावर विशेष आर्थिक क्षेत्र, म्हणजे सेझ, आले, पुन्हा गावाला बाजूला ठेवून. राज्यभर सेझविरोधी आंदोलन पेटले आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सगळे सेझ रद्द करत असल्याचे जाहीर केले. जमीन सरकारकडे परत यायला २०१८ उजाडले. सुमारे ३८ लाख चौरस मीटर जमीन मिळाली, पण कंपन्यांना अडीचशे कोटींहून अधिक रक्कम परत करावी लागली. एकाच पठारावर दोनदा तेच घडले. सत्तरीत शेळ-मेळावलीला २०२१ मध्ये आयआयटीच्या बाबतीतही तेच झाले: गावाने विरोध केला आणि ती जागा सोडावी लागली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या संस्थेला स्वतःची जागा मिळेना, ती फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून चालली. शिकलेली माणसे घडवणारी संस्थासुद्धा गावाच्या संमतीवाचून उभी राहत नाही, तर कारखाना कसा राहील?

बाहेर याचा अर्थ असा लावतात की गोव्याची माणसे उद्योग येऊ देत नाहीत. मी हे मानत नाही. वेर्ण्याला, मडकईला, कुंडईला आमचीच माणसे तीस-तीस वर्षे राबली. आमच्या ग्रामसभेत तुयेचा विषय निघाला तेव्हा एक वयस्क बाप्पा उठून एवढेच म्हणाले, "नोकऱ्यो आमका जाय. पूण कागद खंय आसा?" (नोकऱ्या आम्हाला हव्यात. पण कागद कुठे आहे?) सभागृहात टाळ्या पडल्या नाहीत, कोणी घोषणा दिली नाही. त्या प्रश्नाला उत्तर देणारे त्या दिवशी समोर कोणी नव्हते. परदेशी गुंतवणूकदार त्या खुर्चीत बसला असता तर त्यानेही हाच प्रश्न विचारला असता. कारखाना उभारून पैसे वसूल व्हायला सात-आठ वर्षे लागतात. मधेच गाव पेटणार नाही आणि सरकार बदलल्यावर करार फिरणार नाही, याची लेखी खात्री त्यालाही हवी असते. गावाला हवा असलेला कागद आणि कंपनीला हवा असलेला कागद एकच आहे.

त्यात काय असावे? पाणी किती घेणार आणि एप्रिल-मेमध्ये टंचाई पडली तर आधी कुणाचे बंद होणार, हे आकड्यांत. भूखंड घेऊन ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू झाले नाही तर तो परत, कुणाच्याही शिफारशीविना. सांडपाण्याची आणि रसायनांची तपासणी पंचायतीच्या फलकावर दर महिन्याला. बोर्ड धुण्याची रसायने आणि सोल्डरचा धूर निरुपद्रवी नसतो, हे आम्ही काम केलेली माणसे जाणतो. आणि स्थानिकांना नोकऱ्या किती, हे लिहिताना त्या कायम की कंत्राटी हेही लिहावे. कोलारजवळ नरसापूरला डिसेंबर २०२० मध्ये विस्ट्रॉनच्या कारखान्यात पगाराच्या थकबाकीवरून तोडफोड झाली, तिथे कंत्राटी कामगारांचा भरणा होता. वर्षभराने श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कामगार मुलींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली आणि त्या रस्त्यावर उतरल्या. या कंपन्या जगात नावाजलेल्या आहेत. तरी त्यांनी कामगाराच्या ताटाकडे लक्ष द्यावे म्हणून त्या मुलींना रस्ता अडवावा लागला. पेडण्यात मुली कामाला येणार असतील तर त्यांची गाडी, त्यांचे जेवण, रात्रपाळीनंतर घरी पोचणे, हे पहिल्या दिवसापासून कागदावर असू दे.

'सगळ्या नोकऱ्या बाहेरचे घेऊन जातील' ही तक्रार मी गाडीतही रोज ऐकायचो. ती खोटी नाही. पण बांदा-दोडामार्गची मुले बाहेरची कशी म्हणायची? बोली आमची, देव आमचे, सोयरिका आमच्यात होतात. आणि लाइनवर उभे राहायला शिकवले नाही तर स्थानिकांसाठी राखलेली टक्केवारी कागदावरच राहते. माझ्या शेजारची मुलगी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली. तीन वर्षांत तिला हाताने एकही एसएमटी बोर्ड, म्हणजे मशीनने बारीक भाग बसवलेला बोर्ड, दुरुस्त करायला मिळाला नव्हता. आज ती एका हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे आणि सरकारी जागांच्या जाहिराती कापून ठेवते. तिच्या शिक्षणावर घरच्यांनी आणि राज्याने जो पैसा घातला, तो तिथे वाया जातो आहे. तुयेचे पहिले शेड भाड्याने देण्याआधी तिथे दोन एसएमटी लाइन, एक तपासणीची प्रयोगशाळा आणि शिकवायला वेर्ण्याहून निवृत्त झालेले पाच-सहा तंत्रज्ञ बसवावेत. याला मोठ्या कंपनीची वाट बघायची गरज नाही. माझ्यासारखे दहा जण उद्या सकाळी येतील.

कुठले इलेक्ट्रॉनिक्स, हेही उघड आहे, कारण वेर्ण्यात ते आधीच रुजले आहे. तैवानच्या डी-लिंकने इथल्या स्मार्टलिंकशी भागीदारी करून नेटवर्कची उपकरणे आणली. पुढे दोघे वेगळे झाले, पण दोघांचे पत्ते वेर्ण्याचेच राहिले. मोलबायो ही गोव्यातली कंपनी. तिचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते, छोट्या आरोग्य केंद्रात टेबलावर बसते आणि क्षयरोगाचे जंतू तासाभरात शोधते. तंत्र बेंगळुरूच्या बिगटेकने विकसित केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली आणि २०२२ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने मोलबायोत साडेआठ कोटी डॉलर गुंतवले. गोव्यातल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आलेला हा परदेशी पैसा स्वस्त भूखंडासाठी आला नाही. तो एका वस्तूसाठी आला. वैद्यकीय उपकरणे, मोजमापाची यंत्रे, नेटवर्कचे बोर्ड: संख्या मोजकी, दर्जा काटेकोर, जागा थोडी, पाणी थोडे, वजन इतके कमी की मोपाहून विमानाने जावे. औषध कंपन्या शेजारी आहेत, आजारी माणसाच्या आयुष्याशी संबंध असलेल्या वस्तूची शिस्त इथल्या कामगाराला ठाऊक आहे. लाखो फोन जोडणारी लाइन इथे आणली तर तिला लागणारी वीस हजार माणसे आपल्याकडे नाहीत आणि त्यांना ठेवायला जागाही नाही.

पुढच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहून ठेवला आहे. एकच पान आहे. तुयेच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीतल्या प्रत्येक भूखंडाचा करार, पाण्याचा कोटा आणि मुदत मराठी-कोंकणीत पंचायतीत उपलब्ध करून द्यावी, आणि रिकाम्या शेडपैकी एक प्रशिक्षणासाठी द्यावे. खाली सहीसाठी रेघा ओढल्या आहेत. पहिली सही शेजारच्या त्या मुलीने केली, दुसरी बांद्याहून येणाऱ्या आमच्या गाडीतल्या एका मुलाने. तो या पंचायतीचा मतदार नाही, हे मी त्याला सांगितले, तरी त्याने केली.